चुकांचा टब

राडेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पांढऱ्या शर्टात होतो. भेट संपली तेव्हा शर्ट ज्या रंगाचा झाला होता, त्याला अजून कुठल्याही भाषेत नाव मिळालेलं नाही. मी अर्धवट उघड्या शटरखालून फक्त डोकं आत घातलं होतं. आधी निळ्या खळीचा गोळा, मग हिरव्या रंगाचं कारंजं आणि त्यामागून बाह्या सरसावलेल्या एक ठेंगण्या बाई, अशा क्रमाने सगळं माझ्या अंगावर आलं. भूकंप, पूर आणि ज्वालामुखी यांनी मिळून एखाद्याचं स्वागत करायचं ठरवलं तरी ते एवढं मनापासून करणार नाहीत. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"झालं ना बिघडून?" त्या म्हणाल्या. "आता कसली काळजी? कुणाला सोडायला आलात?"

माझ्या मागे माझी भाची उभी होती. वय आठ, घरातलं नाव खोडरबर. हे नाव तिच्या मोठ्या भावाने ठेवलं होतं आणि ते सार्थ होतं. चित्रातली एक रेघ वाकडी गेली की ती खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची, शेवटी कागदाला भोक पडायचं आणि मग ती भोकासाठी रडायची. ताटातले वाटाणेसुद्धा ती मापात लावून खायची. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कौतुकाने सांगे, "दादा, हिला चूक म्हणून सहनच होत नाही." हे ती अशा सुरात सांगे, जणू पोरीला एखादं पदक मिळालंय.

राडेबाईंचं आयुष्य एका कपबशांच्या कारखान्यात गेलं होतं. पट्ट्यावरून कप येत, बाई उजेडात धरून खोट शोधत आणि खोट असलेला कप पिंपात फेकत. पुढे पुढे त्यांना जावयाच्या नाकातही खोट दिसू लागली. त्यांनी तसं त्याला बोलून दाखवलं. जावई वर्षभर फिरकला नाही. तेव्हा बाईंनी नोकरी सोडली आणि टायरच्या दुकानामागच्या गॅरेजात मुलांसाठी राडा क्लास काढला. गॅरेज नवऱ्याचं होतं. नवरा गेला, गॅरेज उरलं, आणि त्यात निम्मा वाटा असलेली नणंदही उरली.

क्लासची पद्धत न्यारी होती. वडिलांचे जुने शर्ट उलटे घालून मुलं बसली की बाई रंगाची बाटली घेऊन फिरायच्या आणि प्रत्येकाच्या कोऱ्या कागदावर एकेक ढब्बू डाग पाडायच्या. "घ्या, मी बिघडवलंय. आता तुमच्याकडून आणखी काय बिघडणार?" मग दातांचा ब्रश, फणी, दोरा, कोपर, जे हाती येईल त्याने रंगवायचं. आईबाप शटरच्या बाहेर. आणि बाई स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायच्या. कुणी म्हणालं, "बाई, बघा ना," की उत्तर ठरलेलं: "मी आयुष्यभर बघितलंय. आता माझी सुट्टी आहे."

शेवटी मुलं मागच्या नळावर हात धुवायला जात. तोवर नणंद सगळे कागद उचलून पाण्याच्या टबात टाकी. मुलं परत येऊन टबात उतरत आणि कागद पायांनी तुडवत. हात धुवायचे ते पाय बरबटवण्यासाठी, असा तो स्वच्छतेचा धडा होता. लगदा खिडकीच्या जुन्या जाळीवर थापला की त्याचा पुढच्या खेपेचा कागद व्हायचा. तो वाटताना बाई बजावायच्या, "जपून धरा रे, मागच्या चुका अजून ओल्या आहेत."

"म्हणजे काहीच उरत नाही?" भाचीने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"काही उरत नाही. कुणी बघत नाही. शब्द देते तुला."

या शब्दावर पोरगी उघडली. आधी एका बोटाने, मग हाताने, मग कोपरापर्यंत. घरी वाटाणे गडगडू लागले आणि कुणी ते उचलून ओळीत लावेना. एकदा तिने माझ्यादेखत वहीत एक शब्द चुकीचा लिहिला, वर हसून म्हणाली, "मामा, राहू दे, ओला आहे अजून."

मग एका रविवारी बहिणीने आम्हा दोघांना बूट घ्यायला म्हणून बाहेर काढलं आणि वाचनालयाच्या वरच्या सभागृहात नेलं. दारावर फुगे होते. आत भिंतीभर काचेच्या चौकटी आणि चौकटींत राडे. नणंदेने महिनोन्महिने चांगले कागद बाजूला काढून टबात रद्दी टाकली होती. पोरं इमानदारीने जुनी वर्तमानपत्रं तुडवत होती. आईबापांना सगळं ठाऊक होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना बोलावून त्यांनी क्रमांकसुद्धा काढून घेतले होते.

नणंद राडेबाईंना हाताला धरून आत घेऊन आली. "वहिनी, बघा तरी. डोळ्यांचं पारणं फिटेल."

बाई दारातच थांबल्या. "वन्सं, हे टबात गेलं होतं ना?"

"गेलं असतं तर आज हे दिसलं असतं का? सोन्यासारखी चित्रं चिखलात घालत होता तुम्ही."

"मी पोरांना शब्द दिला होता."

"शब्द भिंतीवर टांगता येतो का? आईबापांना टांगायला काहीतरी लागतं. उगाच आकाशपाताळ एक करू नका, लोक बघतायत."

"तेच तर," बाई म्हणाल्या.

माझी बहीण फोन सरसावून भाचीला एका चौकटीपुढे उभी करत होती. चौकटीत जांभळ्या रंगातून फणी ओढल्याच्या रेघा होत्या, पाच बोटांचे फराटे होते आणि खाली पट्टी होती: तिसरा क्रमांक. भाचीने ती वाचली. मग आईकडे नाही, मामाकडे नाही, सरळ राडेबाईंकडे गेली.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात, काही उरत नाही."

राडेबाईंनी नणंदेकडे पाहिलं. नणंद फुगा नीट करत होती. एक वाक्य बोलून बाईंना मोकळं होता आलं असतं. पण घरातलं माणूस पोरांपुढे उघडं पाडणं त्यांना जमलं नाही. "म्हणाले होते," एवढंच त्या बोलल्या.

"मग तुम्ही बघत होतात?"

भाची पुन्हा चौकटीकडे वळली, नाक काचेला टेकेपर्यंत जवळ गेली आणि बोटाने एकेक फराटा तपासू लागली.

"माझं कुठे चुकलं, बाई? पहिल्या नंबरवालीचं काय बरोबर आहे?"

मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, "बघा, केवढी जिद्द आहे." बहीण सुखावली. राडेबाई खाली उतरल्या त्या लिफ्टची वाट न बघता. मी जिन्यावर त्यांना गाठलं आणि म्हणालो, "मी सांगतो तिला, हे तुम्ही केलेलं नाही म्हणून."

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "एका माणसावरचा विश्वास गेलाय, तेवढा पुरे. दुसऱ्यावरचा कशाला घालवता? मीसुद्धा पाठ करून बसले होते ती वन्सं मागे आहेत या भरवशावर."

मी तरीही भाचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पट्टी मागितली, समास आखायचा होता.

बाईंनी क्लास सोडला. तो आता नणंद चालवते. टब नाही, भिंती भरलेल्या असतात, आणि गर्दी फार झाल्यामुळे प्रवेशाला परीक्षा ठेवली आहे. यंदा भाची त्यात दुसरी आली.