वसुंधराताईंचं दुसरं मेडिकल

कराडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत वसुंधरा पाटणकरांचं मेडिकल सतरा वर्षं चाललं. डी.फार्म. झाल्या झाल्या त्यांनी ते स्वतःच्या लायसन्सवर काढलं होतं. डॉक्टरांचं कसलंही अक्षर त्यांना लागायचं. साधा ताप-खोकला असला तर लोक डॉक्टरकडे जाण्याआधी त्यांच्याच काउंटरवर यायचे, आणि त्या सांगतील ती गोळी घेऊन निर्धास्त घरी जायचे.

२००५ साली त्यांचे यजमान विश्वनाथ यांना ऑकलंडला इंजिनिअरची नोकरी लागली. दुकान विकलं आणि लेक मैत्रेयीला घेऊन तिघं न्यूझीलंडला आली. इथे आल्यावर कळलं, की फार्मासिस्ट व्हायचं तर विद्यापीठात जवळपास पहिल्यापासून शिकावं लागेल. वय त्रेचाळीस. त्यांनी तो विचार सोडला आणि अवोन्डेलमधल्या एका केमिस्टकडे दुकानातली मदतनीस म्हणून लागल्या. सनस्क्रीनच्या बाटल्या रचायच्या, केसांच्या पिना लावायच्या, आलेल्याला हसून किआ ओरा, म्हणजे माओरी भाषेतला नमस्कार, म्हणायचं. औषधांचा काउंटर चार पावलांवर होता, पण त्याच्या मागे जायची त्यांना मुभा नव्हती.

दुकानाची मालकीण ग्लेनिस ही साठीची, मोजकं बोलणारी फार्मासिस्ट. सहा-सात महिने तिने काही विचारलं नाही. मग एका दुपारी तिनेच टेक्निशियनच्या कोर्सचे कागद पुढे ठेवले. दुकानात काम करत करत दोन वर्षं शिकायचं, पोस्टाने येणाऱ्या वह्या सोडवायच्या, अधूनमधून परीक्षक दुकानात येऊन काम बघणार. औषधं काढायची, मोजायची, लेबल लावायचं. शेवटची तपासणी मात्र फार्मासिस्टची.

वसुंधराताई कागद घेऊन घरी आल्या आणि दोन दिवस ते टेबलावरच पडू दिले. जे काम आपण सतरा वर्षं मालकीण म्हणून केलं, ते आता दुसऱ्याच्या हाताखाली शिकायचं. विश्वनाथ म्हणाले, नको वाटत असेल तर नको. त्यावर त्या म्हणाल्या, "नको वाटतंय, पण पिना लावणं त्याहून नको वाटतंय." तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

वह्या अवघड नव्हत्या, हात अवघड होता. कराडला कात्रीने पट्टी कापून दिली की झालं. इथे बऱ्याच गोळ्या सुट्या, ट्रेवर ओतून चपट्या पट्टीने पाच-पाचने मोजायच्या. डबा उचलताना नाव वाचायचं, मोजताना वाचायचं, जागेवर ठेवताना पुन्हा वाचायचं. त्यांना हा पोरखेळ वाटायचा. औषधं त्या रंगावरून ओळखत आल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी वीसच्या ऐवजी दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या बाटलीत भरल्या. ग्लेनिसने शेवटच्या तपासणीत ते पकडलं. ती रागावली नाही. फक्त एक वही पुढे केली आणि काय झालं, का झालं ते स्वतःच्या नावानिशी लिहायला सांगितलं. वसुंधराताईंनी ते लिहिलं. मग त्यांनी वहीची मागची पानं चाळली. त्यात ग्लेनिसच्या स्वतःच्या चुकाही होत्या, सही आणि तारखेसकट.

बसमधून घरी जाताना त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही. कराडला सतरा वर्षांत आपली एकही चूक निघाली नव्हती. पण चुका झाल्या नव्हत्या, की बघणारंच कुणी नव्हतं? दुसऱ्या दिवसापासून त्या डबा तीनदा वाचू लागल्या.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. उत्तरा नावाची एक मराठी मुलगी वडिलांना घेऊन दुकानात आली. वडील, भाऊसाहेब, तिच्याकडे सहा महिने राहायला आलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांना आठवडाभर चक्कर येत होती, हात गार पडत होते. डॉक्टरांनी चक्करेवर गोळी लिहून दिली होती. कॉम्प्युटरवर वसुंधराताईंना दिसलं, की तीन आठवड्यांपूर्वी ब्लडप्रेशरची गोळी याच दुकानातून गेली आहे.

बाकावर बसलेल्या भाऊसाहेबांना त्यांनी सहज विचारलं, "काका, गावाकडून आणलेल्या गोळ्या संपल्या का?"

"संपतायत कशाला? मुलाने सहा महिन्यांच्या बांधून दिल्यात," असं म्हणत त्यांनी शर्टाच्या खिशातून पट्टी काढली. "ही सकाळी घेतो. इथली चहानंतर."

ती पट्टी वसुंधराताईंनी कराडला हजारदा कापली असेल. नाव वेगळं, औषध तेच. घरच्या गोळ्या संपल्यावर इथली सुरू करायची होती. बापलेकींना वाटलं, नवी गोळी वाढवून दिली आहे.

कराड असतं तर त्यांनी तिथेच सांगितलं असतं, काका, यातली एक आजपासून बंद. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण हा निर्णय आता त्यांचा नव्हता, आणि का नव्हता हेही त्यांना कळलं होतं. "दोन मिनिटं बसा," एवढंच म्हणून त्या पट्टी घेऊन ग्लेनिसकडे गेल्या आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

ग्लेनिस बाहेर आली. तिने भाऊसाहेबांची नाडी पाहिली. मिनिटाला अवघे चव्वेचाळीस ठोके. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि डॉक्टरांनी दोघांना तसंच परत बोलावलं. ग्लेनिसचं म्हणणं वसुंधराताईंनी भाऊसाहेबांना शब्दाशब्दाने मराठीत समजावलं. चक्करेची गोळी द्यावीच लागली नाही.

दुकान रिकामं झाल्यावर ग्लेनिस म्हणाली, "पट्टीवरचं नाव मीही वाचलं असतं. पण ती त्यांच्या खिशात आहे, हे मला कधीच कळलं नसतं."

आठवड्याभराने भाऊसाहेब स्वतः चालत आले. चक्कर थांबली होती. ओळखीतल्या आणखी दोन आजोबांना ते बरोबर घेऊन आले होते, आणि तिघांच्याही हातात गोळ्यांच्या पिशव्या होत्या. तेव्हापासून ग्लेनिसने बुधवारची दुपार त्यासाठीच ठेवली. मुलांकडे राहायला आलेले म्हातारेकोतारे पिशव्या घेऊन येत. वसुंधराताई एकेक पट्टी ओळखून यादी करत, ग्लेनिस ती तपासून सल्ला देई.

२००८ च्या मे महिन्यात सर्टिफिकेट पोस्टाने आलं. मैत्रेयीने पाकीट फोडलं, आईचं नाव इंग्रजीत मोठ्याने वाचलं आणि तिला मिठी मारली. विश्वनाथ म्हणाले, फ्रेम करून आणतो. वसुंधराताईंनी होकार दिला, पण फ्रेम दुकानात नको म्हणाल्या. तिथे भिंतीपेक्षा कपाटांना जागा हवी होती. मग त्यांनी डबा भरून घेतला आणि नेहमीची बस पकडली. बुधवार होता, बाकावर माणसं येऊन बसली असणार होती.