येते म्हणणारी

इस्पितळाच्या कपडेखात्यात, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून ती पुटपुटत होती, "आय अ‍ॅम गोइंग. आय अ‍ॅम गोइंग."

"कुठं निघालात मॅडम? आधी या चादरी तरी संपवा!" शेजारची घडीवाली म्हणाली.

मॅडम हे तिचं टोपणनाव. चाळिशी उलटल्यावर तिनं घरबसल्या पदवीचा अभ्यास सुरू केला, तेव्हा खात्यातल्या बायकांनी थट्टेनं ठेवलेलं. पुढं सगळे विषय सुटले, थट्टा मात्र चिकटून बसली. आता इंग्रजी बोलण्याची तेवढी एक परीक्षा राहिली होती. ती पास झाल्याशिवाय विद्यापीठ पदवी देत नाही, आणि मेली दोनदा नापास करून मोकळी झाली होती.

पदवी काही भिंतीवर टांगायला नको होती हो तिला! इस्पितळाच्या कोठारात कारकुनाची जागा रिकामी होती, आणि त्या जागेला पदवी लागायची. तिथं खुर्ची होती. बसून काम. दिवसभर वाफेत उभं राहून तिचे गुडघे पार कामातून गेले होते. जिनासुद्धा कठडा धरून एकेक पायरी उतरावा लागायचा.

संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली की सराव घ्यायची. आई भाजी चिरत, जांभया देत उत्तरं द्यायची. काम काय करता, घरी कोण कोण आहे, हे सगळं अडखळत का होईना यायचं. गाडी अडायची ती शेवटी, निरोप घेताना.

"थँक यू सर. आय अ‍ॅम कमिंग."

"आई! कमिंग म्हणजे येते. तू निघालीयस ना?"

"मग निघताना 'येते'च म्हणतात की."

"आपल्यात गं! इंग्रजीत 'जाते' म्हणायचं. गोइंग!"

"बरं बाई, म्हणते. ओरडतेस काय?"

आणि पुन्हा कमिंग. मुलीनं कपाळावर हात मारला. पण कारण तिलाही ठाऊक होतं. तिचे बाबा एका सकाळी घाईघाईत "जातो" म्हणून कामावर निघाले, ते गेलेच. रस्त्यातच छातीत कळ आली. तेव्हापासून या घरात दाराशी तो शब्द कुणी काढत नव्हतं. इस्त्रीपाशी पुटपुटणं वेगळं. कुणाचा निरोप घेताना मात्र तिची जीभच रेटायची नाही.

परीक्षेला ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. समोर तेच पिकल्या केसांचे परीक्षक, गेल्या दोन्ही वेळचे. दिवसभर लोकांचं इंग्रजी ऐकून तेही बिचारे आंबलेले दिसत होते. पदवी कशासाठी हवी, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मुलीनं घेतलाच नव्हता. पाठ केलेलं काही सुचेना, तेव्हा तिनं खरंच काय ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. उभं राहायचं काम, दुखणारे गुडघे, कोठारातली खुर्ची. ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले.

मग ती टेबलाला धरून उठली. "थँक यू सर. आय अ‍ॅम कमिंग."

झालं! केली माती. तिच्या कानांतून वाफा निघाल्या.

"नो, नो," परीक्षक हात हलवत म्हणाले. "नो नीड टु कम अगेन."

तिला फक्त नो ऐकू आलं. घरी येऊन ती तशीच जमिनीवर आडवी झाली. "पडले गं परत. हाकलूनच दिलं त्यांनी."

"काय म्हणाले नेमकं?"

तिनं आठवून आठवून शब्द जोडले. मुलीनं आईला गदागदा हलवलं. "आई, पुन्हा यायची गरज नाही म्हणाले ते! अगं, पास केलंय तुला!"

"पास कसं? चुकलं ना माझं."

"चुकलीसच! तरी पास!"

ती हसली नाही. भिंतीला टेकून गुडघे चोळत बसली आणि तिला रडूच फुटलं. इतकी दमली होती बिचारी की आनंदालाही आत शिरायला वेळ लागला.

मुलीचं म्हणणं खरं ठरलं. पदवी आली, कोठारातली जागा मिळाली. कपडेखात्यातल्या शेवटच्या दिवशी तिनं इस्त्री बंद केली, एप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखीच दाराशी वळून म्हणाली, "येते गं."

घडीवाली भिजलेले डोळे पुसत अंगावर ओरडली, "खबरदार परत आलात तर!"