वैनी, राख दावा

दुसऱ्याच्या घरी जाऊन आदी चुलीतली राख बघनारा मानूस साऱ्या लातूर जिल्ह्यात एकच व्हता, आनि तो माझा चुलतदीर. लोक पानी मागतेत, चहा मागतेत. भाऊजी उंबऱ्यातूनच म्हनायचे, "वैनी, राख दावा." मग चिमूटभर राख बोटात चोळायची, फुंकायची, उन्हात धरायची. काळी निघाली तर अशी मान हालवायची, जसं काय त्या घरात कुनाला मोठा आजार निघाला.

त्यांचं सारं येड एकच. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचं भुसकट, रानात जे उरतंय त्याला लोक काडी लावून मोकळे व्हायचे. भाऊजी ते कुटून, दाबून त्याच्या कांड्या करायचे, चुलीत जाळायला. पयली कांडी माझ्या शेवयाच्या यंत्रातून काढली, मला न विचारता. तवा आमी पत्र्याच्या शेडात राहत व्हतो. त्या साली खिरीत भुसकट निघालं. पावना म्हनला, "विलायची लई जाडीभरडी हाय." कांडी हातात घेतली की भुगा व्हायची, म्हनून मग साखर कारखान्यातली मळी कालवली. वाळत घातलेल्या कांड्या शेजाऱ्याची म्हैस खाऊन गेली. शेजारी भांडायला आला. भाऊजी शांत. "तिला पचल्या न्हवं? म्हंजी माल चोख हाय."

मी हसायचे. पन हे येड कुठून आलं ते मला ठाव व्हतं. भूकंपात आमचं गाव बसलं. माझे मालक गेले, भाऊजींची बायको गेली. एवढ्या मानसांना लाकूड कुठलं आनावं? माळवदाच्या ज्या तुळयांखाली मानसं दबली, त्याच उपसून सरन रचलं. आपल्या घरची तुळई भाऊजींनी सोताच्या खांद्यावर नेली. वरून पाऊस. लाकूड वल्लं, नीट जळालंच न्हाई. सावडायला गेलो तर राख काळी. भाऊजी लई येळ ती हातात घेऊन बसले. त्या दिसापासून त्यांनी चुलीत लाकूड घातलं न्हाई.

मी लातूरला येऊन खानावळ टाकली. नांदेड, हदगाव, जळकोट, कुठली कुठली लेकरं डाक्टर व्हायला लातूरला येऊन राहिली व्हती, त्यांची ताटं माझ्याकडं. भाऊजी गावाकडून यष्टीनं कांड्यांचं पोतं आनायचे. कंडक्टर इचारायचा, "काय हाय?" भाऊजी म्हनायचे, "जाळ हाय." कंडक्टर उतरवायचा, पोतं फुडच्या गाडीनं यायचं. त्या कांड्या धूर लई करायच्या. पोरं डोळे पुसत म्हनायची, "काका, आमचे सगळ्यांचे निकाल लागले. तुमच्या कांडीचा कधी?"

"राखून ठेवलाय," भाऊजी म्हनायचे.

एकदा परीक्षेच्या सकाळीच ग्यास सरला. पोरं उपाशी गेली असती तर माझी खानावळ त्याच दिशी उठली असती. मी कोपऱ्यातलं भाऊजींच्या नव्या कांड्यांचं पोतं वढलं, चूल मांडली. कांडीनं सरळ जाळ धरला. धूर न्हाई, काय न्हाई. पोह्याची दोन पातेली निघाली, पोरं खाऊन गेली. मी भाऊजींना म्हनले, "लागला तुमचा निकाल." ते चुलीफुडं बसून राख चोळत व्हते. करडी निघाली व्हती.

"अजून न्हाई, वैनी."

म्हातारपनी अंथरुनाला खिळले, तवा एकच गोष्ट मागितली. "मला लाकडावर ठेवू नका. कांड्या रचून ठेवल्यात."

गेले त्या दिशी भावकी अडून बसली. थोरला पुतन्या म्हनला, "भुसकटावर मानूस जाळतेत व्हय, काकू? लोक काय म्हनतील?"

मी म्हनले, "वल्ल्या तुळयांवर जाळली, तवा कोन काय म्हनलं?"

भावकीतल्या पोरांनी कांड्यांची पोती आनली.

तिसऱ्या दिशी सावडायला मीबी गेले. चिमूटभर राख घेतली, बोटात चोळली, फुंकली, उन्हात धरली. जवारीच्या पिठावानी पांढरी. दावायला म्हनून हात फुडं केला, आनि तसाच धरून उभी राहिले.