ज्वालामुखीच्या देवीची ओटी

२००६च्या सप्टेंबरात मुलगा आम्हाला हवाईला घेऊन गेला. मी, सून आणि सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. आमचे हे गुडघे धरून शिकागोजवळ शॉमबर्गला घरीच राहिले. हवाईत एक जागृत ज्वालामुखी आहे आणि तिथली जुनी माणसं त्याला देवीच मानतात. हॉटेलपासून दोन तासांवर. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत.

सुनेला पाचवा महिना होता. आधीचं एक गेलेलं. त्यामुळे देवी म्हटल्यावर विहीणबाईंनी ठरवूनच टाकलं की लेकीसाठी ओटी भरायची. त्यांनी नागपूरहून आणलेल्या खणांतला एक हिरवा बॅगेत होताच, तो मायलेकींनी मिळून निवडला होता. तांदूळ डब्यात घेतले, नारळ वाटेतल्या दुकानात मिळाला. तिथून पुढे तो त्यांच्या मांडीवरच. सून म्हणाली, "आई, तूच भर हं. तुझ्या हातचीच हवी मला."

आता एक सांगायचं राहिलं. विहीणबाईंचे यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

वर पोचलो तर पाटी लावलेली. गंधकाच्या वाफा आहेत, गरोदर बायकांनी पुढे जाऊ नये. सून गाडीत बसली, मुलगा तिच्याजवळ थांबला, आणि आम्ही दोघीच निघालो. सगळी काळी जमीन, भेगांतून वाफा, आणि फटाके वाजवल्यावर येतो ना, तसा वास. कठड्यापाशी कुणीतरी पानात गुंडाळून फुलं ठेवलेली.

विहीणबाईंनी चपला काढल्या, खण उलगडला. आणि मी म्हणाले, "राग मानू नका, पण हे तुमच्या हातून नको. तिच्या पोटात माझं नातवंड आहे."

शब्द अगदी हेच. मी काही फार सोवळ्यातली बाई नाही हो. पण त्या दिवशी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं वर्म बरोबर सापडतं. त्यांनी खण, डबा, नारळ एकेक करून माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

मी हळदकुंकू वाहिलं, खणावर नारळ ठेवला, तांदूळ घातले. हात जोडते तोच गणवेशातली एक तिथलीच बाई आली आणि काही सांगू लागली. मला कळेना. विहीणबाईंनी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "उचला म्हणतायत. असलं इथे ठेवायचं नसतं. त्यांच्या देवीला चालत नाही." मग त्या बाईशी त्या बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. माझ्या वतीनं माफीच मागत असाव्यात.

मी खाली बसून तांदूळ वेचले. दाणे दगडाच्या भोकांत शिरलेले, नखं दुखायला लागली. विहीणबाई वाकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातचं तुम्हाला नको होतं. तुमच्या हातचं तिला नको झालं."

परत येताना त्यांनी खण तेवढा मागून घेतला. गाडीत बसल्या बसल्या सुनेनं विचारलं, "आई, भरलीस ना?"

"भरली गं. छान भरली."

नारळ माझ्या पर्समध्ये, वर स्वेटर टाकलेला. 

मुलगी झाली, सुखरूप. विहीणबाई बाळंतपणाला थांबल्या नव्हत्या, बारशालाही आल्या नाहीत. तब्येतीचं सांगितलं. पार्सल मात्र पाठवलं. ऐन बारशाच्या दिवशी, पाळण्याभोवती बायका जमलेल्या असताना सुनेनं ते उघडलं. आत कुंची होती, हिरव्या खणाची.

सुनेनं ती उलटून पाहिली, काठावर बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा तर देवीला वाहिलेला खण. तिथे नक्की काय झालं होतं?"

मी म्हटलं, "आधी बाळाला कुंची घालू या. थंडी आहे." आणि हात पुढे केला.

ती तिनं माझ्या हातात दिली नाही. स्वतःच घातली.