चार बोटं मागे

घर दोन खोल्यांचं. एकीत भाड्याने द्यायचे स्पीकर, दुसरीत आम्ही पाच जण. त्या घरातला मी पहिला पदवीधर.

काल मी बनवलेल्या स्पीकरच्या पेटीवर कीर्तन लावलं, तर बुवांचा आवाज मधेच पोकळ होई. पेटीतले मोठा आणि छोटा स्पीकर एका वेळी बोलत नव्हते. मी ऑल-पास फिल्टर नावाचं छोटं सर्किट जोडलं.

"यानं आवाज वाढतो?" वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, विचारलं.

"नाही."

"कमी होतो?"

"नाही. काही सूर जरा उशिरा सुटतात."

"मग मी छोटा स्पीकर चार बोटं मागे सरकवायचो, ते काय होतं रे?"

तेच होतं; मागच्या स्पीकरचा आवाज जरा उशिरा पोचतो. मग कॉलेजात मी नवं काय शिकलो, अजून कळत नाही. कीर्तन पुन्हा लावलं, तेव्हा अण्णा डोळे मिटून म्हणाले, "बुवा समोर उभे आहेत."

आवाज जुळला होता.