ज्या पेजवर माझं नाव नव्हतं

जानकीपुरमला राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने मला फसवलं. पैशात नव्हे, पैशात मला फसवणारा लखनौत अजून भेटलेला नाही. त्याने माझं तीन वर्षांचं लिखाण वाचकांसकट स्वतःच्या नावावर केलं.

मी विट्याकडचा. सतराव्या वर्षी मामाच्या गलाईच्या दुकानात राख धुवायला इथे आलो, आज आलमबागला माझं स्वतःचं दुकान आहे. सराफ जुने दागिने आणतात, आम्ही ते वितळवून सोनं शुद्ध करून देतो. भट्टीसमोर जे पाहिलं ते वहीत लिहीत आलो. स्वतःच्या पाटल्या वितळताना बघायच्याच म्हणून हटून उभी राहिलेली म्हातारी, नंतर "हो गया?" एवढंच विचारून निघून गेलेली. असलंच सगळं.

मराठी मंडळाच्या गणपतीत या बँकवाल्या साहेबांची ओळख झाली. ते कविता करतात. वही वाचून म्हणाले, पुस्तकाआधी वाचक तयार करायचा असतो, हे फेसबुकवर टाकू. शिकवलंही त्यांनीच. अख्खा प्रसंग द्यायचा नाही, ऐन जागी तोडायचा. दर गुरुवारी सकाळी, ठरल्या वेळेला. 'पुस्तक येतंय, घ्या' म्हणून मागे लागायचं नाही. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्यायचं. एकाला उत्तर देताना मी त्याचा बाप काढला, तर साहेबांनी ते पुसून हात जोडल्याचं चित्र टाकलं. बदल्यात तुम्हाला काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. माझ्या कवितांना रोज एक लाल बदाम द्या, म्हणाले. सौदा स्वस्त वाटला. कविता न वाचता बदाम देत राहिलो.

चूक माझी, ती इथे. गलाईवाला आपलं नाव, नंबर, चेहरा उघड्यावर टाकत नाही. दुकान कुणाच्या नजरेत भरेल सांगता येत नाही, चोराच्या आणि पोलिसाच्याही. म्हणून मीच म्हणालो, पेज तुमच्या नंबरवर उघडा, माझं नाव पुस्तकावर येईल तेव्हा येईल. दुकानाची किल्ली सख्ख्या भावाला न देणारा मी, परमुलखात आपला माणूस म्हणून एवढं देऊन बसलो.

वाचक मात्र मिळाले. कटक, अमृतसर, कोईमतूर, जिथे जिथे आमची माणसं भट्ट्या पेटवून बसलीत, तिथून लिहायचे. आमच्या अण्णांचा हात असाच पोळला होता, असं काहीबाही.

गेल्या महिन्यात पेजचं नाव बदललं. वर साहेबांचं नाव, साहेबांचा फोटो, त्यांच्या काव्यसंग्रहाची जाहिरात. खाली म्हातारीच्या लेखावर कुणी बाईने विचारलं होतं, "सर, बँकेत राहून तुम्हाला भट्टी इतकी कशी कळली?" साहेबांनी तिथे हात जोडले होते.

माझं पुस्तक काढायला तयार झालेल्या पुण्याच्या प्रकाशकाने ते थांबवलं. लेख दुसऱ्याच्या नावावर दिसतायत, आधी ते मिटवा म्हणाला. मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली, "पापा, नंबर तो उन्हीं का है. नाम के लिए तो आपने खुद मना किया था." वही आहे ना, म्हटलं. पेजवरचं वहीत कुणीही उतरवून काढू शकतो, ते हेच म्हणतील, असं तिचं म्हणणं.

रविवारी जानकीपुरमला गेलो. साहेबांच्या बाईंनी चहा ठेवला. साहेब म्हणाले, संग्रह आला होता, नवं पेज कोण बघतं?

"आणि माझे लेख?"

"शेठ, नाव तुम्हालाच नको होतं. ते माझे आहेत असं मी कुठे लिहिलंय?"

"माझे आहेत असं तरी कुठे लिहिलंय?"

बाई आत गेल्या. साहेबांचा सूर खाली आला. आता खुलासा केला तर लोक चोर म्हणतील, या वयात बरं दिसत नाही. हवं तर लेख पुसून टाकतो. पुसले म्हणजे लोकांनी खाली लिहिलेलंही गेलं, आणि प्रकाशकासमोर मी पुन्हा रिकामा. मी चहा तसाच ठेवून उठलो. आवाज इतका चढला होता की खालच्या मजल्यावरचे जिन्यात आले, हे कबूल करतो.

साहेब, पुसायचं काही नाही. तुम्ही हे वाचाल हे मला ठाऊक आहे. हे लेख कुणी लिहिले? त्याच पेजवर, तुमच्या फोटोखाली, एका ओळीत लिहून सांगा.