तलवाड्याच्या लिंबातली बाळंतखोली

रबरी हातमोज्यावर पाकोळीची लेंडी घेऊन मी हॉलभर झाडतोड्यांसमोर उभा होतो आणि मॅडम म्हणत होत्या, "आता चुरगाळा, अप्पा."

मी चुरगाळली. तिची भुकटी झाली. खिडकीच्या उन्हात धरली तर किड्यांच्या पंखांचा चुरा चमकला.

"उंदराची लेंडी कडक असते, अशी मोडत नाही," मॅडम म्हणाल्या. "झाडाखाली ही भुकटी होणारी दिसली, की समजायचं वर बिऱ्हाड आहे."

पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ. झाडाच्या पोकळ ढोलीत राहतं. आता मी गेवराई तालुक्यात झाडतोडीचा ठेकेदार. मी उतरवलेली झाडं परत उभी केली, तर उमापूरपासून मांजरसुंब्यापर्यंत माणूस सावलीसावलीनं जाईल. आमच्या धंद्यात झाड 'तोडलं' म्हणत नाहीत, 'उतरवलं' म्हणतात. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तर अशा माणसाला बीडच्या हॉलमध्ये बसवून कुणी लेंडी शिकवावी, हे मला मानवलं नव्हतं. पण वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या रेवतीमॅडम खास संभाजीनगरहून ट्रेनिंग द्यायला आल्या होत्या. शिवाय दुपारचं जेवण होतं.

मी तिथंच आमची पद्धत सांगून टाकली. "मॅडम, आमी करवत लावायच्या आदी कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं तीन ठोके मारतो. म्हणतो, बाबांनो, कुणी असंल तर निघा. तीस वर्सांत एक पाकोळी निघाली न्हाई."

"निघाली नाही म्हणजे आत नव्हती?"

"नसणारच की!"

"तुम्ही दुपारी गाढ झोपलात आणि कुणी दार वाजवलं, तर घर सोडून पळता का?"

मागून गफूर ओरडला, "अप्पा तर दार मोडलं तरी उठत न्हाईत, मॅडम!"

हॉल असा हसला की पंखे बंद असून हलले. गफूर माझा चढणारा माणूस. वीस वर्षं तो वर आणि मी खाली. त्यामुळं मला वरून बोलायची त्याला सवय लागली आहे.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ढोलीच्या तोंडाखाली तेलकट काळा डाग दिसतो, अंग घासून घासून पडलेला. दोन, ढोलीत धुरी द्यायची नाही. आम्ही मधमाश्या हाकलायला जळकी चिंधी कोंबतो, ती धुरी. "या दिवसांत आत पिल्लं असतात. आया पिल्लं सोडून निघत नाहीत, आतच गुदमरतात," त्या म्हणाल्या. तेव्हा मात्र हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

पंधरा दिवसांनी तलवाड्याच्या शाळेचं काम निघालं. आवारात जुना कडुलिंब. त्याची म्हशीएवढी जाड फांदी वादळात तडकली होती आणि पहिलीच्या वर्गाच्या पत्र्यावर लोंबत होती. शाळा उघडायला आठ दिवस. हेडमास्तर मला बघताच म्हणाले, "अप्पा, चाळीस लेकरं बसत्यात त्या पत्र्याखाली. मला रात्री झोप न्हाई."

"उद्या दुपारी डबा खायच्या आत फांदी खाली," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गफूर वर गेला आणि थांबला.

"कावून थांबला बे?"

"अप्पा, ढोली हाय इथं. खोडाजवळ. खाली काळा डाग हाय."

मी हेडमास्तरांकडं बघितलं. ते घड्याळाकडं बघत होते. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, की डाग पावसाचाही असू शकतो. गफूरच्या कमरेला धुरीची चिंधी होती, खिशात काडेपेटी होती. अर्ध्या तासाचं काम.

"धुरी देऊ का?" गफूरनं विचारलं. पण विचारलं असं, की मी 'हो' म्हणालो असतो तर आठ दिवस माझ्याशी बोलला नसता.

मी शिडीवरून पत्र्यावर गेलो. लेंड्या पडल्या होत्या. हातमोजा घातला, एक चुरगाळली. भुकटी. खाली येऊन मॅडमना फोन लावला.

मॅडम दुसऱ्या सकाळी एस.टी.नं आल्या आणि मोठी गंमत झाली. ज्या बाईला पाकोळीच्या सात पिढ्या माहीत, तिला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गरगरायला लागलं. आणि जो गफूर वाऱ्यात शेंड्यावर बसून भाकरी खातो, तो पाकोळीला घाबरतो.

"कानाला चिकटली तर सुटत न्हाई म्हणत्यात," तो म्हणाला.

"तुमच्या कानात तिचं काहीच काम नाही, गफूरभाई," मॅडम म्हणाल्या. "मोबाईल काठीला बांधा. एकदाच आत धरा, पटकन काढा."

गफूरनं डोळे मिटून व्हिडिओ काढला. तो बघायला आम्ही तिघं मॅडमच्या भोवती उभे राहिलो. आत माद्या एकमेकींना बिलगून लटकलेल्या आणि त्यांच्या पोटाशी पिल्लं. बिनकेसाची, ओल्या शेंगदाण्याएवढी.

"तीनशे तरी असतील!" मी म्हणालो.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. "आणि पिल्लं उडायला महिना लागेल."

हेडमास्तर उसळले. "महिना? मॅडम, त्यांची अकरा लेकरं, माझी चाळीस! वर्ग दुसरा न्हाई. फांदी पडली तर कोण जबाबदार?"

"तुमचं खरं आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "अप्पा, फांदी पूर्णच काढावी लागते का?"

मी करवतीचे दात बोटानं तपासायला लागलो. गफूर माझ्याकडं बघायला लागला.

आता कबूल करतो. तडा ढोलीच्या चांगला चार हात पुढं होता. तड्यापासून पुढचा भाग काढला तरी पत्रा मोकळा होणार होता. ढोलीचा भाग खोडाला धरून धडधाकट होता. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण मग खोडावर खुंट उरतो. आणि आमच्या धंद्यात खुंट ठेवणं म्हणजे न्हाव्यानं अर्धी मिशी ठेवून गिऱ्हाइकाला घरी पाठवणं. तलवाड्याचा बाजार या झाडाखालून जातो. लोक विचारणार, कुणाचं काम?

"सांगा की अप्पा," गफूर म्हणाला. "का मी सांगू?"

मी सांगितलं. मॅडम एवढ्या खूश झाल्या, की मला वाटलं आपणच हे आत्ता शोधून काढलं.

मग अटी सुरू झाल्या. मशीन नको, हादरे बसतात. हाताची करवत. तुकडे पाडायचे नाहीत, दोराला बांधून उतरवायचे. आणि आवाज नको. जन्मात कधी हळू न बोललेला गफूर पाच दिवस झाडावर कुजबुजत होता. त्याची बायको म्हणे मला शोधत होती, नवऱ्याला काय झालं म्हणून. मॅडम खाली खुर्ची टाकून ढोलीवर दुर्बीण लावून बसायच्या. त्यांनी हात वर केला, की आम्ही थांबायचं. एवढी शिस्त मी माझ्या लग्नातही पाळली नव्हती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शेवटचा तुकडा जमिनीला टेकला. हेडमास्तरांनी पत्र्याखाली उभं राहून वर बघितलं, मान डोलावली. संध्याकाळी ढोलीतून पाकोळ्या एकेक करून सुटल्या. हेडमास्तर मोठ्यानं मोजत होते. अकरा भरल्यावरच घरी गेले.

महिन्यानं मॅडमचा फोन आला. पिल्लं उडाली, ढोली रिकामी आहे, आता खुंट काढायला हरकत नाही. मी त्याच दिवशी गफूरला आणि करवतीला घेऊन तलवाड्याला गेलो. तर झाडाखाली हेडमास्तर आडवे आले.

"हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "पुढच्या साली परत येत्यात म्हणं त्या. मी पोरांना सांगून बसलोय."

"अहो, पण माझं काम अर्धवट दिसतंय!"

"दिसू द्या की. लई चांगलं दिसतंय."

तो खुंट अजून तिथंच आहे. बाजाराच्या दिवशी मी त्या रस्त्यानं जात नाही. शिकलो ते एवढंच, की झाड उतरवायला मशीन चालू करायची दोरी एकदा ओढली की पुरतं. कुठं थांबायचं हे ठरवायला मात्र एक मॅडम, एक हेडमास्तर, एक गफूर आणि आठ दिवस लागतात.